नमुन्यादाखल नवरा

आत्माराम सुर्व्यांना इंग्रजी येत होतं, याबद्दल रत्नागिरीच्या खालच्या आळीत दुमत नव्हतं. कचेरीत चौदा वर्षं इंग्रजी कागदांच्या स्वच्छ प्रती काढून त्यांचं अक्षर असं वळणदार झालं होतं की कागदाच्या शेवटी ते 'आय हॅव द ऑनर टु बी, सर, युअर मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट' लिहीत, तेव्हा शेजारच्या टेबलावरचे कारकून उठून बघायला येत. आता ते इंग्रजी त्यांनी चौदा वर्षांत तोंडाने एकदाही उच्चारलं नव्हतं, ही गोष्ट निराळी. कुणी विचारलंच नव्हतं. साहेब बोले तो हेडक्लार्कशी, आणि हेडक्लार्क बोले तो मराठीत, तोही ओरडून.

हे असंच निवृत्तीपर्यंत चाललं असतं. पण पौषात सखाराम पट्टेवाल्याने बातमी आणली. सखाराम साहेबाचे बूट पुशी, त्यामुळे साहेबाच्या मनातलं त्याला कळतं असा कचेरीचा ठाम समज होता.

"मडमेनं हळदीकुंकू काढलान हाय," सखाराम म्हणाला. "रथसप्तमीला. सगळ्या कारकुनांच्या घरच्या बायकांना बंगल्यावर बोलावणं. आणि मडम एकेकीशी इंग्रजीत दोन शब्द बोलणार."

"बोलणार म्हणजे?"

"विचारणार, नि बायकांनी जबाब द्यायचा. मागच्या जिल्ह्यात असंच केलान. एकीनं तोंडाला पदर लावलान तो काढलानच नाय. आठ दिवसांत तिच्या घोवाची बदली. आणि आता मंडणगडची एक जागा रिकामी हाय, म्हाईत असेल तुम्हांला."

मंडणगडचं नाव ऐकून आत्मारामरावांच्या टाकातली शाई कागदावर पडली. त्यांना मंडणगडचा राग नव्हता. तिथेही माणसं राहतात, हे ते जाणून होते. पण त्यांच्या घरामागे हापूसची सात कलमं होती. सहा वर्षं त्यांनी ती पोटच्या पोरासारखी वाढवली होती, आणि यंदा पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा, सातही कलमांना मोहर आला होता. अशा वेळी मंडणगडला जायचं म्हणजे आंबे गडग्याच्या दगडी कुंपणापलीकडच्या धाकू तांडेलाने खायचे. धाकू मूळचा जयगडचा, वीस वर्षं बोटीवर खलाशी म्हणून जगभर फिरून आता घरी बसला होता. गेले आठ दिवस तो सकाळ-संध्याकाळ गडग्याला टेकून मोहराकडे प्रेमाने बघत उभा असे. ते प्रेम आत्मारामरावांना मुळीच आवडत नव्हतं.

तेव्हा ठरलं. गंगुबाईंना, म्हणजे सौभाग्यवतींना, इंग्रजी संभाषण शिकवायचं.

मुंबईहून बोटीने पुस्तक मागवलं. पुस्तकातलं पहिलं संभाषण आगगाडीच्या स्टेशनावर घडत होतं. गंगुबाईंनी आगगाडी पाहिली नव्हती. आत्मारामरावांनीही पाहिली नव्हती, पण हे त्यांनी शिकवण्याच्या ओघात सांगितलं नाही. त्यांनी गाडीच्या जागी बोट घातली आणि प्लॅटफॉर्मच्या जागी मांडवीचा धक्का. मग पुस्तकातला गृहस्थ तिकीट काढून धक्क्यावरून बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात बसला आणि तिथे हमालाशी हुज्जत घालू लागला, तेव्हा शिक्षकांनी तो धडाच सोडून दिला.

दुसरा धडा कुटुंबाचा. इथे मात्र गंगुबाईंनी कमाल केली. चुलीपुढे बसून, एकीकडे कुळथाची पिठी ढवळत, दोन दिवसांत त्या "व्हॉट इज युअर नेम?" याला "माय नेम इज गंगुबाई" असा जबाब खणखणीत देऊ लागल्या. मुलं किती, घर कुठे, बरी आहेस का, सगळं तोंडपाठ. आत्मारामरावांना वाटलं, आपण उगाच कारकून झालो, मास्तर व्हायला हवं होतं. त्याच उत्साहात त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

"व्हॉट इज युअर हजबंड्स नेम?"

गंगुबाईंनी पिठीत मीठ घातलं.

"अगं, विचारतोय तुला. तुझ्या नवऱ्याचं नाव काय?"

"तुम्हांला ठाऊक नाही होय?"

"मला ठाऊक आहे. मडमेला ठाऊक नाही. म्हण, माय हजबंड्स नेम इज आत्माराम."

"इश्श!" गंगुबाई म्हणाल्या आणि पदराने तोंड झाकलं.

नेमकं हेच. याच पदरापायी मागच्या जिल्ह्यात एक संसार उचलला गेला होता. आत्मारामरावांनी समजावलं की ही इंग्रजी भाषा आहे, इंग्रजीत नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याला नाव घेणं म्हणत नाहीत.

"इंग्रजीत गेलं म्हणून नाव बदलतं काय तुमचं?"

"नाही, नाव तेच राहतं."

"मग घेतल्यासारखंच झालं की!"

आत्मारामरावांनी पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी प्रकरण विहिरीवर गेलं, आणि विहिरीवरून सोनूबाईंकडे. सोनूबाई म्हणजे खजिन्यातल्या कारकुनाची आई, वय वर्षं सत्तर. त्यांचे यजमान ऐंशीचे असून अजून स्वतः नारळ सोलत, आणि याचं सगळं श्रेय आपण त्यांचं नाव जन्मात घेतलं नाही याला आहे असं सोनूबाईंचं सांगणं होतं.

"नाव घेतला का आयुष्य घटता," त्या ओटीवर बसून म्हणाल्या. "माझ्या आवशीनं सांगितलान हाय."

"मडमा तं दिवसभर घेतात घोवाचा नाव," धाकू गडग्यावरून म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. "जॉन हिकडं ये, जॉन तिकडं जा. मी बोटीवर डोळ्यांनी बघितलंय."

"म्हणून तर एकेकीला तीन-तीन घोव करायला लागतात," सोनूबाई म्हणाल्या.

शेवटी तोडगा सोनूबाईंनीच काढला. नाव नुसतं घ्यायचं नाही, पण उखाण्यात घ्यायला बंदी नाही. तेव्हा इंग्रजीत उखाणा करा. आत्मारामरावांना हे एकदम पटलं. तीन दिवस कचेरीत एका रद्द मसुद्याच्या पाठीवर खाडाखोड करून त्यांनी आयुष्यातलं पहिलं इंग्रजी काव्य सिद्ध केलं:

'मँगो ट्री, मँगो ट्री, फ्लॉवर्स इन द सन,
आत्मारामराव इज माय हजबंड, अँड आय हॅव ओन्ली वन.'

त्यांनी अर्थ सांगितला, तेव्हा सोनूबाईंनी एकच शंका काढली. "एकच नवरा हाय, ह्यात सांगायचा काय? आमच्यात एकच असतो." आत्मारामरावांनी खुलासा केला की ते यमकासाठी आहे. यमकासाठी आहे म्हटल्यावर सोनूबाईंनी माफ केलं.

इथवर प्रकरण चार भिंतींत होतं. पण कारकुनांच्या बायका काही कमी घाबरलेल्या नव्हत्या. गंगुबाई इंग्रजी शिकतात म्हटल्यावर एक आली, मग तिची जाऊ आली, आणि आठवड्याच्या आत सुर्व्यांच्या ओटीवर रोज संध्याकाळी पाच ते सहा या वेळात अकरा बायका सोनूबाईंच्या पुढारीपणाखाली बसू लागल्या. खरं तर या सगळ्या प्रतिस्पर्ध्यांच्या बायका. मंडणगडला कुणी तरी एकजण जाणारच होता. पण त्या बायका आत्मारामरावांना 'मास्तर' म्हणाल्या, आणि माणसाचा तोल तिथेच जातो.

संभाषण म्हटलं की समोर बोलणारं कुणी तरी हवं. पहिल्या दिवशी मडमेची भूमिका धाकूला दिली. त्याचं इंग्रजी धबधब्यासारखं होतं. लिहिता-वाचता एक अक्षर येत नव्हतं आणि बोलायला कुणाच्या बापाला भीत नव्हता. आत्मारामरावांना ही देवाघरची चूक वाटे. पण मिशीवाल्या धाकूने खुर्चीत बसून "युअर हजबंड्स नेम?" असं दरडावताच दोन बायका रडकुंडीला आल्या आणि एक मागच्या दाराने घरी गेली. मग मडम व्हायचं मास्तरांच्याच नशिबी आलं. गंगुबाईंची शाल खांद्यावर घेऊन, हातात उघडी छत्री धरून, सरकारी नोकर आत्माराम सुर्वे आपल्याच ओटीवर येरझारा घालत प्रत्येकीला तिच्या नवऱ्याचं नाव विचारू लागले.

तरी नाव कुणी घेईना. उखाणा आला, पण नावाशी येऊन गाडी अडे. सासरे आजूबाजूला, नवरे कचेरीतून येऊन घरोघरी बसलेले. शेवटी आत्मारामराव म्हणाले, "बरं, सध्या नमुन्यादाखल माझंच नाव असू दे. छापील फॉर्मवर अमुक तमुक असं लिहिलेलं असतं ना, तसं. बंगल्यावर मात्र प्रत्येकीने तिथे आपापल्या यजमानांचं नाव घालायचं. कळलं?"

"दुसऱ्याच्या घोवाचा नाव घ्यायला काय एक हरकत नाय," सोनूबाईंनी निकाल दिला. "त्यानं कोणाचा आयुष्य घटत नाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे मान डोलावणं म्हणजे ऐकलं इतकंच. कबूल केलं असं नव्हे. पण आत्मारामराव पडले कागदावरचे. त्यांना वाटलं, मंजूर झालं. आणि मग आरतीच्या चालीवर अकरा बायकांनी जो सूर धरला, तो पार नाक्यावर ऐकू गेला.

तो काळ असा होता की चार माणसं जमून एका सुरात काही म्हणू लागली की पोलिसांचे कान टवकारत. हवालदार आला तेव्हा आत्मारामराव शाल पांघरून छत्रीसह उभे होते आणि बायका ठेक्यात 'आत्मारामराव, आत्मारामराव' करत होत्या.

"कोणाचा जयजयकार चाललाय?" हवालदार म्हणाला. "हा आत्मारामराव कोण? सत्याग्रहातला?"

"मीच तो," आत्मारामराव छत्री मिटत म्हणाले.

हवालदाराने त्यांना शालीसकट वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कचेरीची लेखी परवानगी आणा, तोवर जमाव बंद, असं सांगितलं. आत्मारामरावांनी अर्ज केला: 'राहत्या घराच्या ओटीवर सायंकाळी पाच ते सहा इंग्रजी बोलण्यास परवानगी मिळणेबाबत.' अर्ज दुसऱ्या दिवशी टपालातून आला तो त्यांच्याच टेबलावर, कारण आवक टपाल त्यांच्याकडे होतं. त्यांनी त्याला नंबर घातला. पण स्वतःच्या कागदावर स्वतः शेरा मारायचा नाही असा नियम, आणि नियम त्यांना प्राणापलीकडे. कागद हेडक्लार्ककडे गेला. तिथून शेरा आला: 'अर्जदारास इंग्रजी कशासाठी बोलायचे आहे?' अर्जदाराने दीड पान खुलासा लिहिला. पुन्हा शेरा: 'इतके चांगले लिहिता येत असता बोलण्याची गरज काय?' अखेर परवानगी आली, ती रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवसापासून. मधले आठ दिवस अकरा बायका दारं लावून इंग्रजी कुजबुजत होत्या.

रथसप्तमीचा दिवस उजाडला. टेकडीवरच्या बंगल्यात बायका आत गेल्या आणि नवरे बाहेर व्हरांड्याखाली छत्र्या धरून उभे राहिले. वर खुर्चीत साहेब पाइप ओढत बसला होता. खिडकी उघडी होती. जाता जाता आत्मारामरावांनी बायकांना शेवटची सूचना दिली होती, की मडमेचं बोलणं कळलं नाही तर घाबरायचं नाही, 'यस, थँक यू' म्हणायचं. ही सूचना त्यांना फार मुत्सद्दी वाटली होती.

वयाने मोठ्या म्हणून पहिला मान सोनूबाईंचा. मडम गोड आवाजात म्हणाली, "अँड व्हॉट इज युअर हजबंड्स नेम?"

सोनूबाई उठल्या. हात जोडले. आठ दिवसांची कुजबुज आता छाती फोडून बाहेर आली.

"मँगो ट्री, मँगो ट्री, फ्लॉवर्स इन द सन! आत्मारामराव इज माय हजबंड, अँड आय हॅव ओन्ली वन!"

मडमेने टाळ्या वाजवल्या. बाहेर आत्मारामरावांनी छत्री घट्ट धरली. पण म्हातारी आहे, नाव घालायला विसरली असेल, असं त्यांनी मनाला समजावलं. एवढ्यात दुसरी उठली. तिचेही आत्मारामराव. तिसरीचेही. बायकांचं चुकलं असं तरी कसं म्हणावं? स्वतःच्या नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हणजे त्याच्या आयुष्याशी खेळ. आणि इथे सोनूबाईंनी निर्धोक ठरवलेलं, पाठ झालेलं, तयार नाव होतं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कोण लागेल?

चौथीला मडमेच्या टाळ्या मंदावल्या. सहावीला ती खाली बसली. सातवीला तिने हलक्या आवाजात विचारलं, "द सेम आत्मारामराव?"

"यस, थँक यू," सातवी म्हणाली.

व्हरांड्याखाली अकराजणींच्या घरची कर्ती माणसं एक एक करून आत्मारामरावांपासून दूर सरकत होती. खजिन्यातला कारकून तर म्हणालाच, "सुर्वे, माझी आईसुद्धा?" जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं आत्मारामरावांना वाटत होतं, पण कातळ तो, कसला दुभंगतोय. डोळ्यांपुढे मंडणगडचा घाट दिसत होता आणि त्यामागे आपल्या कलमाखाली पाय पसरून आंबा चोखणारा धाकू.

साहेब पाइप काढून उठला होता. पायऱ्या उतरून तो मंडळींपुढे आला.

"हू इज आत्मारामराव?"

सगळ्यांनी बोट दाखवलं. चौदा वर्षांत साहेबाने आत्मारामरावांना विचारलेला हा पहिला प्रश्न. त्यांनी तोंड उघडलं. मनात व्याकरण तयार होतं, शब्द रांगेत उभे होते, आणि जिभेवर एकच वाक्य आलं, हातातून रोज उतरणारं.

"आय हॅव द ऑनर टु बी, सर, युअर मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट."

साहेबाने विचारलं, "हाऊ मेनी वाइव्ह्ज हॅव यू?"

आकडा लहान होता. पण पत्राचा क्रमांक नाही, तारीख नाही, संदर्भ नाही. नुसत्या हवेतल्या प्रश्नाला उत्तर द्यायची आत्मारामरावांना सवयच नव्हती. त्यांचे ओठ हलले, घाम कानामागून उतरला, आणि छत्री हातातून सुटून साहेबाच्या बुटावर पडली.

तेवढ्यात पायऱ्यांवर बांगड्या वाजल्या. गंगुबाई बाहेर आल्या होत्या. आत त्यांची पाळी शेवटची, आणि अकराजणी त्यांच्या नवऱ्याचं नाव वापरून मोकळ्या झाल्यावर त्यांना काही उरलंच नव्हतं. त्यांनी नवऱ्याचा चेहरा बघितला. असा चेहरा त्यांनी लग्नातसुद्धा बघितला नव्हता. त्या सरळ येऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. तोंडावर पदर नव्हता. स्वतःच्या छातीवर बोट ठेवून त्या साहेबाला म्हणाल्या,

"ओन्ली वन, सर."

मग खिडकीतल्या अकराजणींकडे हात करून, इंग्रजी संपल्यामुळे मराठीत, "बाकीच्या नमुन्यादाखल."

"सँपल, सर," मागून सखारामने भाषांतर केलं.

साहेबाने खिडकीकडे पाहिलं. मडम तोंडावर रुमाल धरून भिंतीला टेकली होती आणि तिचे खांदे हलत होते. ती रडत होती की हसत होती, हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता. साहेब आत गेला. दार लागलं.

घरी जाताना आत्मारामराव गंगुबाईंच्या दहा पावलं पुढे चालत होते. रागावले होते असं नाही. कुणावर रागवावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं. घराशी येऊन ते थेट कलमांकडे गेले आणि मोहर बघत उभे राहिले. गंगुबाई मागे येऊन म्हणाल्या, "चुकलं का हो माझं?" ते म्हणाले, "तुझंच तेवढं बरोबर आलं." आणि मग त्यांना एकदम रडू आलं, ते मोहराच्या वासाने शिंका येतात असं सांगून त्यांनी निभावून नेलं.

आठ दिवसांनी बदल्यांचा कागद आला. स्वच्छ प्रत काढायला तो आत्मारामरावांच्याच टेबलावर ठेवला होता. मंडणगडच्या जागेसमोर त्यांचं नाव होतं, आणि ते साहेबाने स्वतःच्या हाताने खोडलं होतं. समासात शेरा होता: 'लार्ज फॅमिली. नॉट टु बी ट्रान्स्फर्ड.' आत्मारामरावांनी तो शेरा आपल्या सर्वांत सुंदर अक्षरात उतरवून काढला. ओळ कुठेही वाकडी गेली नाही.

कलमांचं म्हणाल, तर माघाच्या शेवटाला दोन दिवस मळभ आलं, मग धुकं पडलं, मग तुडतुड्याची कीड आली. मोहर जवळजवळ सगळा काळा पडून गळला. मडमेला पहिली पेटी पाठवायची म्हणून गंगुबाईंनी पेंढासुद्धा जमवला होता. चैत्रात एका सकाळी आत्मारामराव सातही कलमं फांदी फांदी तपासून सातव्यापाशी मान वर करून उभे होते. धाकू गडग्याला टेकला.

"हाऊ मेनी मँगो, मिस्टर सुर्वे?"

आत्मारामरावांनी शेंड्यावरच्या कैरीवरून नजर काढली नाही. व्याकरण आठवलं नाही, संदर्भ शोधला नाही, घामही फुटला नाही.

"ओन्ली वन," ते म्हणाले.

स्वयंपाकघरात गंगुबाईंच्या हातातली पळी खाली पडल्याचा आवाज आला, आणि त्यापाठोपाठ त्यांचं हसू.